कळीचा शब्द आणि शिक्षिकेची घडण : सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांच्या 'टीचर'चे पुनर्वाचन

प्रास्ताविक

न्यूझीलंडमधील शिक्षिका व कादंबरीकार सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर (१९०८-१९८४) यांचे 'टीचर' हे पुस्तक १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या सायमन अँड शुस्टर या संस्थेने प्रसिद्ध केले. पाच वर्षे वयाच्या माओरी मुलांना वाचायला शिकविताना लेखिकेने जे पाहिले, केले आणि मानले, त्याचा हा वृत्तांत आहे. प्रसिद्धीला साठ वर्षे उलटून गेली तरी प्रारंभिक वाचनाच्या चर्चेत हे पुस्तक पुन्हा पुन्हा समोर येते. आपल्याकडेही प्रयोगशील शिक्षणाशी संबंधित मंडळी त्याविषयी आदराने बोलतात. या आदराचा एक तोटा असा झाला आहे की, पुस्तकातील दोन-चार प्रसंग सुभाषितांसारखे फिरत राहतात आणि त्यांमागील विचाराची चिकित्सा मागे पडते.

वाचन शिकविण्याविषयी ॲश्टन-वॉर्नर यांच्या ज्या धारणा होत्या, त्या त्यांच्या व्यावसायिक घडणीतून कशा आल्या, आणि त्या घडणीनेच त्या धारणांना कोणत्या मर्यादा घातल्या, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. 'टीचर' हे एका कलावंत स्त्रीने वाचनाविषयी मांडलेले तत्त्वज्ञान आहे. त्याकडे अध्यापनपद्धतीची हस्तपुस्तिका म्हणून पाहिले की त्याचे बळही निसटते आणि उणिवाही झाकल्या जातात, अशी प्रस्तुत अभ्यासकाची भूमिका आहे.

नाइलाजाने शिक्षिका

ॲश्टन-वॉर्नर यांचा जन्म न्यूझीलंडमधील स्ट्रॅटफर्ड येथे १९०८ मध्ये झाला. वडील संधिवाताने अपंग झालेले. आई खेड्यापाड्यांतील शाळांत शिक्षिका. मोठ्या कुटुंबाचा संसार आईच्या पगारावर चाले आणि तिची शाळा बदलली की सारे बिऱ्हाड हलत असे. मुलांचे शिक्षणही बरेचसे आईच्याच वर्गात झाले. शिक्षकी पेशा ही सिल्व्हियांनी निवडलेली वाट नव्हती. त्यांना चित्रकार व्हायचे होते, पियानोवादक व्हायचे होते, लिहायचे होते. ऑकलंडच्या अध्यापक महाविद्यालयात १९२८-२९ मध्ये त्यांनी प्रशिक्षण घेतले ते अर्थार्जनाचा तोच एक मार्ग समोर होता म्हणून. कीथ हेंडरसन या शिक्षकाशी विवाह झाल्यावर १९३८ पासून हे दांपत्य माओरी वस्तीच्या दुर्गम भागांतील शाळांत काम करू लागले. पती मुख्याध्यापक आणि पत्नी शिशुवर्गाची शिक्षिका, अशी ही व्यवस्था होती. होरोएरा, वांगानुई नदीकाठचे पिपिरिकी, वाइओमातातिनी आणि १९४९ पासून हॉक्स बे भागातील फर्नहिल ही त्या प्रवासातील ठिकाणे होत.

या चरित्रातील दोन गोष्टींना प्रस्तुत चर्चेत महत्त्व आहे. सुरुवातीच्या वर्षांत त्यांना गंभीर मानसिक आजार झाला आणि त्यावरील उपचारांच्या निमित्ताने त्या मनोविश्लेषणाच्या, विशेषतः फ्रॉइडच्या विचारांच्या संपर्कात आल्या. दुसरी गोष्ट अशी की, जेथे जेथे त्या राहिल्या तेथे शाळेपासून दूर एक खोली किंवा झोपडी त्यांनी स्वतःच्या लेखन-चित्रणासाठी राखून ठेवली. तिला त्यांनी 'सेला' असे नाव दिले होते. शाळा आणि सेला यांच्यात विभागलेले हे आयुष्य होते. शाळेला सेलाच्या नियमांनी चालविण्याची इच्छा त्यातूनच निर्माण झाली असावी. वर्गाचे लक्ष वेधून घेण्यासाठी त्या घंटा वाजवीत नसत. पियानोवर बेथोवेनच्या पाचव्या सिंफनीचे पहिले आठ स्वर वाजवीत, आणि सगळी मुले हातातले काम थांबवून त्यांच्याकडे पाहत. दिवसाचे वेळापत्रकसुद्धा श्वासोच्छ्वासाच्या कल्पनेवर आधारलेले होते : आधी मुलाने आतले बाहेर टाकायचे, मग बाहेरचे आत घ्यायचे. शासनाच्या परिपत्रकांतून असे वेळापत्रक कधी निघत नाही.

कळीचा शब्द

पद्धती वरकरणी अत्यंत साधी आहे. सकाळी एकेक मूल बाईंजवळ येते. आज तुला कोणता शब्द हवा, असे बाई त्याला विचारतात. मूल जो शब्द सांगेल तो जाड पुठ्ठ्याच्या मोठ्या पट्टीवर ठळक अक्षरांत लिहून दिला जातो. मूल तो म्हणते, अक्षरांवरून बोट फिरविते आणि घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी सर्वांच्या पट्ट्या चटईवर ओतल्या जातात आणि प्रत्येकाने त्या ढिगातून आपापले शब्द शोधायचे असतात. जो शब्द मुलाला ओळखता आला नाही तो काढून टाकला जातो. ओळखता आला नाही, याचा अर्थ तो त्या मुलाचा शब्द नव्हताच, असे बाईंचे म्हणणे. येथे चूक मुलाची ठरत नाही, शब्दाची ठरते. प्रारंभिक वाचनाच्या इतिहासात इतका उदार निकष क्वचितच आढळेल.

या शब्दांना त्यांनी जे नाव दिले त्यासाठी मराठीत 'कळीचे शब्द' ही संज्ञा योग्य वाटते, कारण कळ दाबली की कुलूप उघडावे तसे हे शब्द मुलाचे अंतर्मन उघडतात, असे त्यांना अभिप्रेत होते. अंतर्मनात दोन प्रेरणा मुख्य : भीती आणि कामप्रेरणा. म्हणून वर्गात सर्वांत प्रभावी ठरणारे शब्द 'भूत' आणि 'पापा', म्हणजे चुंबन, या अर्थाचे होते. रांगी नावाच्या मुलाचे उदाहरण सर्वश्रुत आहे. 'ये', 'पाहा', 'होडी', 'आणि' अशा अर्थाचे क्रमिक पुस्तकातील चार शब्द शिकायला त्याला चार महिने लागले. खाटकाचा सुरा, तुरुंग, पोलीस, मारामारी, रडणे, आई, बाबा हे शब्द त्याने चार मिनिटांत आत्मसात केले. त्या काळी न्यूझीलंडच्या शाळांत 'जॅनेट अँड जॉन' ही वाचनमाला नुकतीच आली होती. अमेरिकन मालिकेवरून ब्रिटनमध्ये १९४९ मध्ये बेतलेल्या या पुस्तकांतली नीटनेटकी, गोरी, कधीही न भांडणारी भावंडे रांगीच्या वस्तीत कोठेच नव्हती.

शब्दांवरून मुले स्वतःच्या छोट्या वाक्यांकडे व तेथून स्वतःच्या गोष्टींकडे जात. एकाने लिहिलेले दुसऱ्याने वाचायचे, हा वर्गाचा वाचनपाठ. वडील दारू पिऊन आले, आईला मारले, आजी वारली, असा मजकूर त्यात येई आणि बाई तो दुरुस्त करीत नसत. मुलाचे मन हा दोन तोंडांचा ज्वालामुखी आहे. सर्जनाचे तोंड रुंद केले की विध्वंसाचे तोंड आपोआप आटते, ही त्यांची प्रसिद्ध प्रतिमा. वाचन शिकविणे हे त्यांच्या लेखी अखेर युद्ध टाळण्याचे काम होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात लिहिणाऱ्या स्त्रीची ही व्याकुळता समजण्यासारखी आहे. मात्र पाचव्या वर्षी 'बॉम्ब' हा शब्द वाचता आल्याने पुढे हिंसा कमी होते, याला पुस्तकात आधार काही नाही.

पुराव्याचा प्रश्न आणि अक्षराचा प्रश्न

'टीचर'ला प्रस्तावना आहे ती हर्बर्ट रीड यांची. रीड हे कवी आणि कलासमीक्षक. कलेद्वारे शिक्षण या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९४३ चा. वाचनशास्त्राच्या एखाद्या अभ्यासकाऐवजी कलासमीक्षकाने या पुस्तकाचा पुरस्कार करावा, हे अर्थपूर्ण आहे. पुस्तकाची रचनाही त्याला साजेशीच आहे. त्यात सूत्ररूप प्रकरणे, रोजनिशी, वर्गातील संवाद आणि चित्रे यांची सरमिसळ झालेली दिसते. शिवाय हीच पद्धती पाच वर्षे आधी 'स्पिन्स्टर' (१९५८) या कादंबरीतून ॲना व्होरोंटोसोव या शिक्षिकेच्या तोंडून जगासमोर आलेली होती. म्हणजे सिद्धांताआधी कादंबरी आली. कोणता प्रसंग घडलेला आणि कोणता रचलेला, याची सीमारेषा 'टीचर'मध्येही पुसट राहते. समीक्षकाने हे दूषण मानण्याचे कारण नाही, परंतु शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने 'चार महिने' आणि 'चार मिनिटे' हे मोजमाप म्हणून स्वीकारू नये, इतके तरी त्यावरून ठरते.

याच देशातील मेरी क्ले (१९२६-२००७) यांच्याशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. क्ले याही आधी शाळेत शिक्षिका होत्या. पुढे मानसशास्त्राकडे वळल्या. ऑकलंड विद्यापीठाच्या १९६६ च्या प्रबंधासाठी त्यांनी नव्याने शाळेत आलेल्या १०० मुलांचे वाचन वर्षभर दर आठवड्याला नोंदविले. मूल कोठे अडखळते, कोठे मागे येते, स्वतःची चूक केव्हा दुरुस्त करते, हे त्यांनी खुणांनी टिपले. त्यांच्या निष्कर्षांवरही पुढे कडाडून टीका झाली, विशेषतः संदर्भावरून शब्द ताडण्याला त्यांनी दिलेल्या महत्त्वावर. पण ती टीका शक्य झाली ती नोंदी होत्या म्हणून. ॲश्टन-वॉर्नर यांच्या वर्गातील किती मुले किती काळात स्वतंत्रपणे वाचू लागली, हे 'टीचर' वाचून कळत नाही.

याहून गंभीर प्रश्न अक्षराचा आहे. मुलाने 'भूत' या अर्थाचा इंग्रजी शब्द एका दृष्टिक्षेपात ओळखला. त्यातील मुका 'एच' त्याला अडला नाही, कारण तो शब्द चित्रासारखा मनावर उमटला. पण ज्या शब्दाची त्याला ओढ नाही, जो त्याने कधी ऐकलेलाच नाही, तो शब्द ते कसा वाचणार? ध्वनी आणि अक्षर यांच्या संबंधांचे पद्धतशीर अध्यापन या पुस्तकात जवळजवळ नाही. लिहिता लिहिता ते मुलाला उमगेल असे गृहीत धरलेले आहे. काहींना ते उमगतेही. परंतु अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या २००० सालच्या अहवालापर्यंत जमा झालेले संशोधन पाहता, सर्वांना ते आपोआप उमगते असे म्हणता येत नाही.

पावलो फ्रेरे यांनी नेमके येथे वेगळे वळण घेतले होते. ज्या वर्षी 'टीचर' प्रसिद्ध झाले त्याच १९६३ मध्ये ब्राझीलच्या ईशान्येकडील आंजिकोस येथे सुमारे ३०० प्रौढांना सुमारे ४० तासांत साक्षर करण्याचा त्यांचा प्रयोग झाला. फ्रेरे यांचे बीजशब्दही लोकांच्या जगण्यातूनच घेतलेले होते. पण ते निवडताना त्यांतील अक्षरांची संपन्नता पाहिली जाई. विटेसाठी असलेला 'तिजोलो' हा पोर्तुगीज शब्द घ्यायचा, त्याचे ति-जो-लो असे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची स्वरमाला मांडायची आणि त्या मालांतून शिकणाऱ्याने स्वतः नवे शब्द जुळवायचे. मराठी वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल. ती आपली बाराखडीच आहे, फक्त ती शब्दाच्या आधी न येता शब्दाच्या मागून येते.

देवनागरीच्या संदर्भात हा मुद्दा थोडा अधिक विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. आपल्या परंपरागत क्रमात आधी मुळाक्षरे, मग बिनमात्रांचे शब्द, मग काना, वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार आणि सर्वांत शेवटी जोडाक्षरे येतात. अक्षरगटांच्या पद्धतीने अलीकडे हा क्रम काही ठिकाणी सैल झाला असला, तरी त्याची सवय अद्याप गेलेली नाही. या क्रमाचा परिणाम असा की, मुलाला प्रथम भेटणारे शब्द 'कमळ', 'मगर', 'बदक', 'गवत' असे असतात. ज्या मुलाने मगर कधी पाहिलेली नाही त्यालाही ती पहिल्या महिन्यात वाचावी लागते. 'भूत' वाचायला दीर्घ उकाराची वाट पाहावी लागते, 'भांडण' अनुस्वारापर्यंत थांबते, आणि ज्याला मुले घरी रोज हाक मारतात तो 'मम्मी' हा शब्द जोडाक्षरांच्या प्रकरणापर्यंत शाळेत येऊच शकत नाही. 'दारू' या शब्दाचे तर उकार शिकवून झाल्यावरही पाठ्यपुस्तकात स्वागत होत नाही. लिपीच्या सुलभतेचा क्रम आणि मुलाच्या जगण्यातील निकडीचा क्रम हे दोन निराळे क्रम आहेत. आपण पहिला इतका स्वाभाविक मानला की दुसरा असू शकतो याचेच विस्मरण झाले. ॲश्टन-वॉर्नर यांचे खरे ऋण येथे मानावे लागते. इंग्रजीच्या बेभरवशाच्या वर्णलेखनामुळे त्यांना शब्द अखंड ठेवावा लागला. देवनागरीत मात्र मुलाचा 'भूत' हा शब्द फोडला की 'भू' आणि 'त' हाती येतात, आणि त्यांतून पुढचे शब्द उभे राहतात. कळीचा शब्द आणि बाराखडी यांचे वैर मराठीत तरी असण्याचे कारण नाही.

छळाची कथा

'टीचर'च्या लोकप्रियतेत एका कथेचा मोठा वाटा आहे : प्रतिभावंत शिक्षिका, कोरडे शिक्षण खाते, निरीक्षकांची प्रतवारी आणि नाकारले गेलेले काम. स्वतः लेखिकेने 'आय पास्ड धिस वे' (१९७९) या आत्मचरित्रापर्यंत ही कथा जोपासली. लिन्ली हूड यांनी १९८८ च्या चरित्रात तिची छाननी केली असून, खात्याकडून झालेल्या छळाचे चित्र बरेच अतिरंजित असल्याचे त्यांच्या शोधातून दिसते. १९४० ते १९६० या काळात न्यूझीलंडच्या शिक्षण खात्याचे संचालक क्लॅरेन्स बीबी हे स्वतः पुरोगामी विचारांचे होते, आणि ॲश्टन-वॉर्नर यांच्या पद्धतीवरील लेख १९५० च्या दशकाच्या मध्यास त्या देशातील शिक्षकांच्याच नियतकालिकात छापले गेले होते. आपल्याकडील उपक्रमशील शिक्षकांनाही ही कथा फार जवळची वाटते, तपासणीचा अनुभव ज्याला नाही असा शिक्षक विरळा. तरीही एखाद्या पद्धतीला विरोध झाला म्हणून ती बरोबर ठरत नाही, आणि या प्रकरणात तर विरोधही वाटतो तितका नव्हता.

ॲस्पेनमधील कसोटी

पतीच्या १९६९ मधील निधनानंतर ॲश्टन-वॉर्नर यांनी देश सोडला. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ॲस्पेन येथील एका नव्या, मुक्त विचारांच्या शाळेत त्यांनी काम केले आणि त्यावर 'स्पिअरपॉइंट' (१९७२) हे पुस्तक लिहिले. येथे निरीक्षक नव्हते, प्रतवारी नव्हती, 'जॅनेट अँड जॉन' नव्हते. पद्धतीला अनुकूल असे सारे काही होते. पण मुले कळीचे शब्द देईनात. सकाळी विचारावे तर उत्तर येई नकाराचे. या अपयशाचे निदान त्यांनी अमेरिकन समाजात शोधले : दूरचित्रवाणी आणि सुबत्ता यांमुळे या मुलांच्या अंतर्मनातील स्वतःच्या प्रतिमाच मंदावल्या आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. 'टीचर'मध्ये शब्द ओळखता आला नाही तर दोष शब्दाला होता. 'स्पिअरपॉइंट'मध्ये शब्द आला नाही तर दोष मुलांच्या मनाला दिला जातो. पहिल्या पुस्तकातील औदार्य दुसऱ्यात आटलेले आहे. कळीचा शब्द मुलाच्या आत तयार असतो आणि शिक्षकाने तो केवळ बाहेर काढायचा, हे गृहीतक येथे अडचणीत येते. फर्नहिलच्या मुलांनी शब्द दिले ते एका विशिष्ट बाईला, तिच्या पियानोला, तिच्या वर्षानुवर्षांच्या सहवासाला. वस्तीतील सामायिक जगण्याचाही त्यात भाग होता. हे नाते पद्धतीचा भाग आहे की पद्धतीबाहेरचे, हा प्रश्न लेखिकेने स्वतःला विचारलेला दिसत नाही.

पुलाची दिशा

उरतो तो भाषेचा प्रश्न, आणि 'टीचर'ची सर्वांत मोठी उणीव प्रस्तुत अभ्यासकाला येथेच दिसते. पहिला शब्द मुलाचा स्वतःचा असला पाहिजे, या तत्त्वावर संपूर्ण पुस्तक उभे आहे. पण तो कोणत्या भाषेतला? 'हाका' किंवा 'पा' यांसारखे काही माओरी शब्द मधूनमधून येतात. बाकीचा कळीचा शब्दसंग्रह इंग्रजी आहे. माओरी मुलांसाठी न्यूझीलंडमध्ये १८६७ च्या कायद्याने स्वतंत्र शाळा सुरू झाल्या, त्याच मुळी इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरून. ॲश्टन-वॉर्नर यांनी त्या चौकटीतील पाठ्यपुस्तक नाकारले, वेळापत्रक नाकारले, शिक्षेची भाषा नाकारली. चौकटीची भाषा मात्र त्यांना प्रश्नास्पद वाटली नाही. त्यांनी स्वहस्ते लिहून-रंगवून माओरी जीवनावरची वाचनपुस्तके तयार केली, ती माओरी वस्तीतून युरोपीय जगाकडे नेणारा पूल म्हणून. त्या पुलावरून जायचे एकाच बाजूने. शिवाय माओरी मूल म्हणजे आवेग, हिंसा, नृत्य आणि आदिम ऊर्जा, ही जी प्रतिमा पुस्तकभर आहे, तिच्यात प्रेम आहे हे खरे, परंतु ती प्रतिमा बाहेरून आलेल्या माणसाची आहे. फ्रॉइडची भीती आणि कामप्रेरणा ही द्वयी त्या प्रतिमेवर सहज बसली. माओरींची स्वतःची मौखिक परंपरा, त्यांची वंशावळींची पाठांतरे, वाचनाच्या अध्यापनाला काय देऊ शकली असती, याचा विचार तेथे नाही.

याच सुमारास ताराबाई मोडक (१८९२-१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०-१९९२) ठाणे जिल्ह्यात, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी येथे १९४५ पासून आणि कोसबाड येथे १९५७ पासून आदिवासी मुलांसोबत काम करीत होत्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात न्यावी, गुरांमागे जातात तर कुरणात न्यावी, हा त्यांचा विचार होता. ताराबाई गिजुभाई बधेका यांच्या सहवासात माँटेसोरी विचार शिकून आलेल्या, संस्था उभारणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. मुलाच्या अंतर्मनापेक्षा त्याच्या दिनक्रमाकडे त्यांचे लक्ष अधिक. दोन्हीकडच्या कामात वारली मुलाचे अंगण आणि माओरी मुलाचे भूत वर्गात आले. वारली बोली आणि माओरी भाषा शिक्षणाचे माध्यम होण्याचा प्रश्न मात्र पुढच्या पिढ्यांसाठी राहिला. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा 'कमळ' ऐवजी 'भूत' दिल्याने त्याची अडचण अर्धीच सुटते, कारण दोन्ही शब्द मराठी आहेत.

न्यूझीलंडमध्ये या प्रश्नाला हात घातला तो माओरी समाजानेच. वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाता येथे १९८२ मध्ये पहिले 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचे घरटे, सुरू झाले. शाळेत जाण्याआधीच्या वयातील मुलांना वस्तीतील वडीलधाऱ्यांच्या सहवासात माओरीतच वाढविणारी ही केंद्रे होती. १९८७ च्या कायद्याने माओरी ही त्या देशाची अधिकृत भाषा झाली. पहिले घरटे सुरू झाले तेव्हा ॲश्टन-वॉर्नर ७३ वर्षांच्या होत्या; त्यांची महत्त्वाची पुस्तके तोवर लिहून झालेली होती. फर्नहिलच्या चटईवर रोज सकाळी ओतल्या जाणाऱ्या पट्ट्यांत एखाद्या मुलाने आजीच्या भाषेतला शब्द मागितला तेव्हा बाईंनी तो किती वेळा तसाच लिहिला आणि किती वेळा त्याचे इंग्रजी विचारले, याचा हिशेब 'टीचर'च्या पानांत सापडत नाही.